मुलुंडच्या पावलांसाठी

माझ्या आईला मोबाइलचा डेटा उरलेला खपत नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत पालिकेचे पाणी सकाळी ठरलेल्या वेळी येते आणि ठरलेल्या वेळी जाते. तेवढ्या अवधीत पिंप, कळशी, टोप, प्रसंगी चहाचे पातेलेसुद्धा काठोकाठ भरून घेण्याची तिच्या हातांना सवय आहे. डेटाही तिच्या लेखी त्याच नळाचा. रोजचा कोटा ठरलेला, दिवस सरला की उरलेला वाया, सकाळी नवा. म्हणून देवापाशी दिवा लागला, कुकर उतरला, की ती आणि तिच्या शेजारणी आपापल्या दाराआड बसून उरलेला डेटा संपवायला घेतात. कुणी भजन लावते, कुणी साड्यांची दुकाने पाहते, कुणी गावच्या जत्रेचे चित्रण तिसऱ्यांदा. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर निराळा सूर कानी पडतो, आणि खिडकीतून मिठागरांकडचा खारट, किंचित कुबट वारा त्या सगळ्या सुरांवरून हात फिरवून जातो.

ही सवय जशीच्या तशी घेऊन आई माझ्या बाळंतपणासाठी जर्मनीला आली.

बरोबर तिने डिंकाचे लाडू आणले, अळीव आणले, बाळंतशेपेची पुरचुंडी आणली. आणखी एक गोष्ट आणली, जी सामानात मोजता येण्यासारखी नव्हती. आमच्या इमारतीतल्या बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा संघ आहे. श्रावणात नव्या नवरीने मैत्रिणींसह खेळायचे हे खेळ आमच्या उपनगरांत आता मंचावर आले आहेत. सगळ्यांच्या अंगावर एका रंगाची नऊवारी, नाकात नथ, समोर परीक्षक आणि टेबलावर झाकून ठेवलेली ढाल. आई खेळत नाही, तिचे गुडघे केव्हाच थकले. ती गाते. बाकीच्या तिच्या आवाजावर पाऊल टाकतात. गाणीही तिचीच, भाजी निवडता निवडता जुळवलेली, कुठेही न लिहिलेली. कित्येक श्रावण पहिल्याच फेरीत परत आलेला हा संघ यंदा अंतिम फेरीत पोहोचला होता, आणि अंतिम फेरी नेमकी आई माझ्याजवळ असताना येत होती.

स्पर्धेचा एक नियम कडक होता. ध्वनिमुद्रित गाणे चालणार नाही, गळा त्या क्षणी गाणारा हवा. संघाने नाव मागे घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. आईने विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना घरी बोलावून सांगितले, "मी नसेन, पण माझा आवाज येईल. फोनवरून येईल. आयोजकांना विचारून ठेवा." आयोजकांनी डोके खाजवले आणि होकार दिला: आवाज फोनवरून आला तरी हरकत नाही, मात्र तो सर्वांसमोर जिवंत असला पाहिजे.

हे सारे तिने मला माझ्या पायांना तेल चोळताना सांगितले. मग तेलाची वाटी बाजूला सारून, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पावलं एकदा दुसरीच्या आवाजावर बसली ना गो, की परत वळत नाहीत. मी तीन महिन्यांनी घरी जाईन आणि टाळ्या वाजवायला बसेन." तिच्या हातातला चोळण्याचा ठेका त्या वाक्यापाशी चुकला. तिला नेमके काय गमावण्याचे भय आहे, ते मला त्या चुकलेल्या ठेक्यातून समजले.

आमचे घर नवे होते. तारेवरचे इंटरनेट यायला कित्येक आठवडे लागतील असे कळवण्यात आले होते, आणि त्या देशात कळवल्यापेक्षा लवकर काही येत नाही. सगळी भिस्त मोबाइलवर होती. मी आईला एक साधे सिम घेऊन दिले. त्यात महिन्याचा डेटा एकदम मिळतो हे मी तिला सांगितले होते आणि तिने मान डोलावली होती. पण मान डोलावणे निराळे आणि हातांची सवय निराळी. रोज संध्याकाळी, बाळाला न्हाऊमाखू घालून झाले, धुरीचा ओव्याचा वास पडद्यांत मुरला, की ती खिडकीशी बसून 'आजचा' डेटा संपवू लागे. खिडकीबाहेर उन्हाळ्यातला उजेड रेंगाळत असे, शेजारच्या बागेतून कापलेल्या गवताचा ओलसर गंध येई, आणि आमच्या खोलीत मालवणच्या बाजूचे दशावतार दणाणत.

आठवड्यात महिना संपला.

तो संपला तेव्हा आई आणि तिचा संघ पहिल्या तालमीला उभे होते. तिकडची दुपार म्हणजे आमची उशिराची सकाळ. मुलुंडला गच्चीखालच्या खोलीत सगळ्या गोल करून उभ्या होत्या. मध्यभागी पहिल्या मजल्यावरच्या काकू, आईच्या सर्वांत जुन्या मैत्रीण आणि संघाच्या पावलांच्या म्होरक्या. आईने सूर लावला. काकूंनी पाय उचलला. तो पाय तसाच वर राहिला.

"ही अशी का उभी राह्यली?" आई म्हणाली.

"डेटा संपलाय, आई."

"असू दे. उद्या येईल."

"उद्या नाही येणार."

"मग परवा?"

"महिना संपल्यावर."

तिने फोन हळूच ओट्यावर ठेवला. पडद्यावर काकूंचा पाय अजून हवेत होता, पैंजण घोट्यावरून घसरून मधेच थांबले होते. "महिन्याचं पाणी एकदम सोडतात?" ती म्हणाली. "असं कोण सोडतं? माणसाला काय कळणार, कधी नळ बंद करायचा ते?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दुकानात गेलो. बाळ माझ्या छातीशी झोळीत, माझ्या कानांवर आईने घट्ट बांधलेला सुती रुमाल, कारण बाळंतिणीच्या कानांत वारा शिरता कामा नये, मग तो कोणत्याही देशाचा असो. दुकान थंड, पांढरे आणि निर्गंध होते. ज्या दुकानाला वास नाही त्याच्यावर माझा लवकर विश्वास बसत नाही. गल्ल्यामागची तरुणी शांतपणे एकेक योजना पडद्यावर दाखवत होती.

पहिली योजना मोठ्या आकड्याची, पण आकडा म्हटला की त्याला शेवट आला. दुसरीवर ठळक अक्षरांत 'अमर्याद' लिहिले होते आणि शेजारी एक इवलीशी चांदणी होती. मी कवितेवर वाढलेली बाई आहे. मोठा, लांब श्वासाचा शब्द दिसला की माझे मन त्याच्याकडे ओढ घेते. वेगही अफाट होता. मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग चांदणीच्या मागे पानाच्या तळाशी गेले. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले होते की एका मर्यादेनंतर डेटा चालू राहील, मात्र त्याचा वेग उतरवला जाईल. किती, हे वाचल्यावर कळले की त्या वेगात काकूंचा पाय श्रावण संपला तरी जमिनीवर टेकणार नाही. तिसरी योजना दिसायला साधी. वेग बेताचा, सुरुवातीपासूनच बेताचा, पण महिनाअखेरपर्यंत तोच. ना उतरणार, ना संपणार. शिवाय हवी तेव्हा बंद करता येणारी.

मी आईला तिन्ही समजावून सांगितल्या. ती म्हणाली, "हिला विचार, रोज रात्री परत भरतं का?"

मी विचारले. रात्री समुद्र पुन्हा भरतात का, असे विचारल्यासारखे त्या तरुणीने माझ्याकडे पाहिले, आणि नम्रपणे नाही म्हणाली.

"मग ती तिसरी घे," आई म्हणाली.

"त्यात वेग कमी आहे गं. चित्र कधी कधी धूसर येईल."

"चित्राला काय करू? माझा आवाज जायचाय ना. आपल्याकडे वरच्या मजल्यांवर प्रेशर नसतं, धार करंगळीएवढी. ती दिवसभर राहिली असती तर कुणी तक्रार केली असती का?" तिने गल्ल्यामागच्या मुलीकडे पाहून मराठीतच सांगितले, "बारीक दे, पण तुटू देऊ नको हां." मुलगी हसली. काही वाक्यांना भाषांतर लागत नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात मुलुंड वाहू लागले. तालीम नसतानाही आई फोन ओट्यावर उभा करून ठेवी. पलीकडून कढईचा चरचराट येई, कुणाच्या तरी दारावरची घंटा, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचा फडफडाट, रस्त्यावरून भंगारवाल्याची लांबवलेली हाक. बाळ त्या हाकेकडे डोळे फिरवी. मी पाळण्याशी बसून ते आवाज अंगावर घेत असे, आणि आपण निवडलेल्या योजनेबद्दल मला चक्क अभिमान वाटे. घरात पाणी आल्यावर वाटतो तसा.

तालीम मात्र बसेना.

डेटा होता, आवाज स्वच्छ जात होता, तरी गाणे जड होत चालले होते. पहिले कडवे ठीक जाई. दुसऱ्यात झिम्म्याच्या टाळ्या ओल्या पिठासारख्या चिकटू लागत. फुगडी येईपर्यंत लय इतकी खाली बसे की गिरकी घेणाऱ्या बायकांचा तोलच जाई.

"अगं ए," काकू पलीकडून ओरडल्या, "ही फुगडी आहे की प्रदक्षिणा? पडायची वेळ आली माझ्यावर."

"तुम्हीच मागे ओढताय मला," आई म्हणाली.

"आम्ही? तू गातेस की झोपवतेस आम्हाला?"

"झोपवायला माझ्याकडे इथे एक आहे. त्यात तुझी भर नको."

सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर काकू फोनच्या अगदी जवळ आल्या. त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघ, राग मानू नको. दुसऱ्या विंगमधली ती नवीन सून बरी गाते. तुझी गाणी तिला शिकवू का? नुसतं हाताशी असावं म्हणून."

आईने ओट्यावरची कढई पुढे ओढली. मग म्हणाली, "विचारतेस काय? शिकवायची तर शिकव." फोन बंद करून ती रवा भाजायला लागली. त्या दिवशी रवा लागला. आईच्या हातून रवा लागलेला मी आयुष्यात प्रथम पाहिला. करपट वास घरभर पसरला आणि ती कढई हलवत राहिली.

मी आधी दोष योजनेला दिला. वाटले, महागडी घ्यायला हवी होती, वेगात कंजुषी केली. पण काहीतरी पटत नव्हते. दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी मी माझाही फोन त्याच संवादाला जोडला, रुमालाखाली एका कानात इअरफोनची बोंडी सरकवली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले. मोकळ्या कानाने मला आई ऐकू येत होती, समोर गाणारी. दुसऱ्या कानात तीच आई मुलुंडच्या खोलीत जाऊन, तिथल्या भिंतींवर आपटून, बायकांच्या बांगड्यांत मिसळून परत येत होती. दोन्हींमध्ये फट होती. लहानशी, एखादे लघु अक्षर ठेवून वर थोडी जागा उरावी एवढी.

पार्ल्याच्या महाविद्यालयात आम्हाला वृत्ते शिकवणारे सर बाकावर बोटे आपटून लघू आणि गुरू मोजायला लावत. वर्गात कुणी वेगळ्या गतीने वाचू लागले की ते म्हणत, दुसऱ्याची बोटे बघू नका, स्वतःची चालवा. तेव्हा ते मला रुक्ष वाटे. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून मला त्या बोटांचा अर्थ कळला. आई गात होती. तिचा सूर समुद्र ओलांडून जाई, त्यावर टाळी पडे, आणि टाळी पुन्हा समुद्र ओलांडून येई. आईला वाटे, बाया मागे पडल्या, म्हणून ती त्यांच्यासाठी किंचित थांबे. तिकडे बायांना वाटे, ही थांबली, म्हणून त्या तिच्यासाठी थांबत. दारात एकमेकींना आधी जायचा आग्रह करणाऱ्या दोन पाहुण्यांसारखे चालले होते सगळे. ही फट कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या योजनेने बुजणारी नव्हती. डेटा पुरेसा होता. दोन्हीकडचा सौजन्याचा हट्ट नडत होता.

तालीम संपल्यावर मी म्हणाले, "आई, तू त्यांना ऐकू नकोस."

"म्हणजे?"

"त्यांचा आवाज आपण इथे बंद करायचा. तू फक्त गायचं. त्यांच्याकडे तू पळभर उशिरा का होईना, एका लयीत पोहोचतेस, त्या तुझ्यावर पाऊल टाकतील. तू त्यांच्यासाठी थांबायचं नाही."

"टाळी न ऐकता गाऊ? भिंतीकडे बघून?"

"हो."

"भिंत फुगडी घालते का गो?"

"नाही. म्हणूनच ती तुला मागे ओढणार नाही."

तिला ते पटायला दोन दिवस गेले. तिच्यासाठी टाळी म्हणजे पायाखालची जमीन. जमिनीशिवाय चालायला सांगत होते मी तिला. एकदा तिने करून पाहिले आणि दुसऱ्या ओळीवरच थांबली. "अधांतरी वाटतं," म्हणाली, आणि कुरकुरणाऱ्या बाळाला उचलून मांडीवर घेतले. उजव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटू लागली. तो थोपटण्याचा आवाज मी ऐकला: मऊ, पोकळ, दुपट्याच्या सुताने गोलावलेला, आणि घड्याळासारखा नेमका.

"यावर गा," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या हाताकडे पाहिले. हात थांबला नाही. गाणे त्यावर असे बसले की जणू ते तिथूनच उगवले असावे. झिम्मा, पिंगा, फुगडी. जिथे लय चढवायची तिथे तळहात आपसूक चढला, आणि बाळ डोळे मिटून त्या सगळ्याखाली शांत झोपून राहिले. गाणे संपल्यावर मी फोनचा आवाज उघडला. पलीकडे सगळ्या धापा टाकत होत्या.

"आता कशी आलीस वळणावर," काकू म्हणाल्या. "काय खाल्लंस?"

"लागलेला रवा," आई म्हणाली.

अंतिम फेरीच्या दिवशी तिने संघाची जांभळी नऊवारी नेसली. तिथे तिला कुणी पाहणार नव्हते, मंचावर फक्त आवाज लागणार होता, हे मी तिला सांगून पाहिले. "साडीशिवाय सूर लागत नाही," एवढेच उत्तर मिळाले. मग काष्टा घालून, नथ चढवून, ती जर्मनीतल्या एका भाड्याच्या स्वयंपाकघरात लाकडी खुर्चीवर बसली. खिडकीतून दुपारचे पांढरे ऊन तिच्या पदराच्या काठावर पडले होते. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. बाळ मांडीवर होते. मी दारात होते, कानावर रुमाल, रुमालाखाली बोंडी, हातात दुसरा फोन.

मुलुंडचे सभागृह पडद्यावर दाटीवाटीने मावले होते. मंचावर आमच्या बायका, आणि त्यांच्या पुढ्यात, जिथे आई बसायची त्या जागी, एक स्टूल आणि स्टुलावर फोन आणि ध्वनिक्षेपक. परीक्षकांपैकी एक बाई उठून स्टुलाशी आल्या.

"ताई, नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणून विचारते," त्या वाकून म्हणाल्या. "हे रेकॉर्डिंग नाही, हे आम्ही कसं समजायचं?"

"रेकॉर्डिंगला तहान लागत नाही," आई म्हणाली. "मला लागलीय. जरा थांबा, घसा ओला करते." आणि ती सावकाश, घटघट आवाज करत, पेलाभर पाणी प्यायली. सभागृह खदाखदा हसले. परीक्षक बाई हसत जागेवर गेल्या.

मी पुढे होऊन आईच्या फोनचा आवाज बंद केला. हसू विझले. खोलीत फक्त तिचा श्वास आणि थोपटणारा तळहात उरला. तिने डोळे मिटले.

*मुलुंडच्या डोंगरावर ढग आला भेटीला,*
*पायरीवर थांब बाई, पैंजण नाही पायाला.*

मोकळ्या कानात ही ओळ कोरडी, एकटी, स्वयंपाकघराच्या आकाराची होती. आणि तिच्या मागोमाग दुसऱ्या कानात तीच ओळ आली, सभागृहाएवढी झालेली, आणि तिच्या प्रत्येक टोकावर टाळी. नेमकी टोकावर. बांगड्यांचा खळाळ, नऊवारीच्या काठांची सळसळ, फळ्यांवर पडणाऱ्या टाचांचा दणका. माझ्या आईचे दोन आवाज माझ्यातून जात होते, एक रिकामा जाणारा आणि एक भरून परत येणारा, आणि त्या घरात दोन्ही ऐकू येणारी मी एकटीच होते. तिला यातले काही ठाऊक नव्हते. ती भिंतीसाठी गात होती.

पिंग्याच्या वळणावर पडद्यावरचे चित्र थिजले. सगळ्या बायका जांभळ्या धुरात अडकल्यासारख्या एका जागी राहिल्या. पण कानातला आवाज तुटला नाही. थिजलेल्या चित्रामागून पावले चालतच राहिली, करंगळीएवढी धार धरून गाणे वाहतच राहिले. दुकानात तिने कशाकरता बारीक मागितले होते, ते मला त्या क्षणी अंगभर समजले. चित्र पुन्हा हलले तेव्हा पावले जिथे असायला हवीत तिथेच होती.

मग बाळ शिंकले. लहानशी, मांजराच्या पिलासारखी शिंक, पण आईच्या फोनने ती टिपली आणि क्षणाने सभागृहात ती ध्वनिक्षेपकातून फुटली. सगळे लोक एकदम हसले. काकूंनी हसू दाबत गिरकी घेतली आणि ठेका सोडला नाही. आईने बाळाच्या नाकावरून नुसता अंगठा फिरवला. तिकडे शेकडो माणसे हसताहेत याचा तिला पत्ताही नव्हता. आता तळहात चढू लागला होता. लय चढली, स्वर चढला, तिच्या गळ्याची शीर ताणली गेली, नथीतला मोती थरथरला. फुगडी सुरू झाली. माझ्या कानात सभागृह टाळ्या वाजवू लागले होते, गाणे संपायची वाट न पाहता.

शेवटची ओळ तिने मोकळी सोडली आणि डोळे उघडले.

"झालं?" तिने ओठांनीच विचारले.

मी हात वर केला, थांब म्हणून. तिचे गाणे संपले होते, पण माझ्या कानात ते अजून संपायचे होते. तेवढ्या पळभरात तिच्या चेहऱ्यावर मी तिचे सगळे वय पाहिले. मग मुलुंडला शेवटचे पाऊल पडले. मी कानातली बोंडी काढून तिच्या कानात घातली.

ती ऐकत राहिली. तिच्या दुसऱ्या कानाला आमच्या स्वयंपाकघराची शांतता होती, आणि या कानात एवढा गजर चालला होता की बोंडीबाहेर मलासुद्धा तो किणकिणत ऐकू येत होता.

ढाल आमच्या संघाला मिळाली. काही वेळाने काकूंचा फोन आला तेव्हा त्या बोलत कमी आणि श्वास जास्त घेत होत्या. मागे कुणीतरी पेढे वाटत होते, कुणीतरी रडत होते, त्या सुनेचाही आवाज आला, "काकी, मला तिसरं कडवं शिकवाल ना?"

"हिला शिकव हो," काकू म्हणाल्या. "तुझ्या मागे उभी करू, साथीला. पुढे नाही. पुढची जागा भरलेली आहे."

"कुणी भरली?" आई म्हणाली.

"आज स्टुलाने भरली होती. पण खरं सांगू, स्टूलच बरं होतं. उगाच सूचना देत नाही. तू तिकडेच राहा."

"येते मी," आई म्हणाली. "मग बघते तुझ्या स्टुलाकडे."

फोन ठेवल्यावर मला वाटले, आता ती साडी बदलेल, आडवी होईल. तिने तसे काही केले नाही. बाळ माझ्याकडे दिले आणि म्हणाली, "कुणी शूटिंग पाठवलंय का बघ ना. सगळ्यांनी ऐकलं, मीच राहिले."

चित्रण आले होते. तिने ते लावले. पुन्हा लावले. तिसऱ्या वेळी मी मोजणे सोडून दिले. दुपार कलली, उन्हाची पट्टी ओट्यावरून जमिनीवर उतरली, आणि ती नऊवारीत, नथ न काढता, आपल्याच गाण्यासमोर बसून राहिली. आता सूर आणि पाऊल यांच्यात फट नव्हती. दोन्ही तिच्यापर्यंत एकत्र येत होती.

"पिंग्याला मी घाई केली," ती म्हणाली.

"नाही केलीस."

"केली गो. पण बायांनी सांभाळून घेतली." ती किंचित पुढे वाकली, दोन्ही हात उचलले, आणि पडद्यावरच्या त्या पावलांवर, आपल्याच आवाजावर, टाळी वाजवू लागली.